गेनबाची दुसरी डिस्क

कुठलं गाव ते विचारू नका, गावकरी भांडायला येतील. पण तिथे एक भोळा फोटोवाला होता. नाव गेनबा. माणूस सोन्यासारखा. सांगाल तेवढं करायचा. तेवढंच करायचा, हीच तर पंचाईत!

त्याच्या कॉम्प्युटरच्या डब्यात दोन हार्ड डिस्क होत्या. पहिलीवर कॉम्प्युटर चालायचा, दुसरीवर गिऱ्हाइकांचे फोटो. एक दिवस सकाळी बघतो तर कॉम्प्युटरवर दुसरी डिस्क दिसेचना! आणि नेमके तिच्यातच हौसाक्काच्या लेकीच्या लग्नाचे फोटो. हौसाक्काची म्हातारी आई पाय मोडून खाटेवर पडलेली. नातीवर अक्षता टाकायलाही तिला जाता आलं नव्हतं. निदान फोटो तरी बघीन म्हणून बिचारी डोळे लावून बसली होती.

गेनबाने तालुक्याच्या फिरोजभाईला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"वायर ढिली असेल. डबा उघड, काढून घट्ट बसव."

गेनबाने चालू डब्यातच हात घातला आणि दिसेल ती वायर उपटली. फट्! फ्यूज उडाला. शेजारच्या सलूनमध्ये कुणाची तरी अर्धी दाढी अंधारात राहिली.

बायको सुभद्रा धावत आली. "अहो, आधी बंद करायचं, मग हात लावायचा!"

"बरं. लक्षात ठेवतो."

फ्यूज बसला, वायरी बसल्या. फिरोजभाई फोनवर म्हणाला, "आता बघ, डिस्क आली का?"

गेनबाने आधी कॉम्प्युटर बंद केला. मग माऊसला हात लावला आणि काचेकडे बघत बसला.

"काय दिसतंय?"

"मीच दिसतोय, फिरोजभाई. दाढी वाढलीय."

"अरे बाबा, चालू कर की!"

चालू केला. डिस्क आली एकदाची! पण कॉम्प्युटर विचारू लागला, 'ही डिस्क कोरी करू का?' गेनबाने ते मोठ्याने वाचलं.

फिरोजभाई ओरडलाच. "नाही म्हण! कोरी केलीस तर फोटो गेले. मी निघालोच. तोवर काहीही विचारलं तरी नाहीच म्हण!"

"बरं. लक्षात ठेवतो."

तेवढ्यात हौसाक्का आली. "गेनबा, फोटो झाले का रे?"

"नाही."

"संध्याकाळी देशील?"

"नाही."

"अरे, म्हातारीने जेवण सोडलंय. तुला काही वाटतं का?"

"नाही."

हौसाक्का मटकन पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. सुभद्राने कपाळावर हात मारला. "अहो, दारात माणूस रडतंय आणि नाही काय म्हणता? अशा वेळी हो म्हणावं, तेवढाच धीर येतो!"

"बरं. लक्षात ठेवतो."

सुभद्रा चहा टाकायला आत गेली. इकडे कॉम्प्युटरने पुन्हा विचारलं, 'ही डिस्क कोरी करू का?'

गेनबाने दाराकडे बघितलं. हौसाक्का रडतच होती. त्याने 'हो' दाबलं.

'नक्की करू?' कॉम्प्युटरसुद्धा घाबरला असावा. गेनबाने त्यालाही धीर दिला. 'हो.'

फिरोजभाई आला, बघितलं आणि डोकं धरून खालीच बसला. हौसाक्का उठून आत आली.

"फोटो गेले का रे?"

"हो."

"सगळे?"

"हो."

सकाळपासून पहिल्यांदाच गड्याची उत्तरं बरोबर येत होती.

"मग आता म्हातारीला दाखवायला पोरीचं लग्न परत लावू की काय?"

"हो," गेनबा धीर देत म्हणाला.