म्हाताऱ्या कुत्र्यांचा वाटा

बालवाचकहो, जेथे जंगलाची झाडी विरळ होऊन धनगरांचा माळ सुरू होतो, तेथे एका वडाच्या आश्रयाने एक वानरी राहत असे. मेंढ्यांचे कळप दुसऱ्या मुलखात निघाले की ज्या म्हाताऱ्या कुत्र्यांना पुढची वाट चालवत नसे, ती मागे राहत. आणि मागे राहिलेल्यांना ही वानरी सांभाळी. तरुणपणी याच कुत्र्यांनी तिला कितीदा तरी झाडावर पिटाळले होते. त्याची कोणी आठवण दिली, तर ती म्हणे, "तेव्हा ती आपले काम करीत होती. आता काम संपले, म्हणून भूक संपली असे थोडेच आहे?"

ती त्यांच्या अंगावरचे गोचीड वेची. ओढ्यातील खेकडे दगडावर ठेचून त्यांच्या बोळक्या तोंडांत भरवी. परंतु थंडी वाढली की ओढा आटे, खेकडे खोल बिळांत शिरत आणि वडाखाली उपासमार होई. मागल्या थंडीत दोन कुत्रे झोपले ते पुन्हा उठलेच नाहीत. आता चौघे उरले होते. त्यांत एक मागच्या पायाने अधू अशी तांबडी कुत्री होती, आणि एक कुत्रा तर दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता.

त्या जंगलात एक चांगली रीत होती. सिंहाच्या शिकारीतून जे मांस उरे, त्याचा वाटा दर कार्तिकात, अनाथ-अपंगांना सांभाळणाऱ्या कोणा तरी प्राण्याला थंडीभर मिळत असे. वाटा कोणास द्यावा, हे एक वयोवृद्ध हत्तीण स्वतः जागेवर जाऊन, पाहून ठरवी. एकदा तिने दिलेला शब्द खुद्द सिंहही फिरवीत नसे. यंदा वानरीने धीर करून हत्तिणीकडे मागणे घातले. यंदा वाटा मिळाला नाही, तर चौघांपैकी किती जण वसंत पाहतील, हे तिला पुरते ठाऊक होते.

ही वार्ता ऐकून एक कोल्हा वडाखाली आला. तो पोरक्या पिल्लांना सांभाळी आणि त्याला मागे दोनदा वाटा मिळालेला होता. वडाखालचे चौघे न्याहाळून त्याने मान हलविली.

"वानरीबाई, राग मानू नका. पण ही असली रडकी तोंडे पाहून वाटा कोण देईल?"

"मग काय करू? तोंडे तर हीच आहेत."

"माझी पिल्ले हत्तिणीपुढे कशी उड्या मारतात, ते तुम्ही पाहिलेले नाही. पाहणाऱ्याला वाटले पाहिजे, की आपला घास वाया जाणार नाही. यांनाही ताठ उभे करा. भुंकू द्या. माळावर अजून यांचा धाक आहे, असे दिसू द्या."

कोल्ह्याच्या मनात कपट नव्हते. जे त्याला फळले होते, तेच तो सांगत होता. वानरीला ते पटले. निदान पटवून घ्यावेसे वाटले.

दुसऱ्या दिवसापासून वडाखाली तालीम सुरू झाली. कुत्र्यांनी कुरकुर केली नाही. जिच्या हातचे खावे, तिचा शब्द कसा मोडावा? तांबडी कुत्री लंगडत धावू लागली, तेव्हा एक म्हातारा कुत्रा म्हणाला, "तुला धावताना पाहिले, तर लांडगा हसून हसून मरेल. वेगळे चावायला नको."

"मरेना का," ती धापा टाकीत म्हणाली. "मेला, तर तुमची पोटे भरतील. तुम्ही मात्र बसल्या जागी भुंका. तेवढेच तुम्हांला जमते."

आंधळ्या कुत्र्याला मात्र ताठ उभे करून उपयोग नव्हता. हत्तीण यायची त्या सकाळी वानरी त्याला हळूच करवंदीच्या जाळीमागे घेऊन गेली.

"माई, इकडे कोठे?" त्याने विचारले.

"थोडा वेळ येथे बसा, बाबा. तेथे ऊन लागेल."

आंधळ्याने मान वर करून गार वारा हुंगला. "ऊन अजून आलेलेही नाही," तो म्हणाला. मग तो मुकाट्याने पाय दुमडून बसला. वानरीला त्याच्या तोंडाकडे पाहवेना. ती माघारी वळली.

हत्तीण आली. तिच्यामागून मांस वाहून नेणारा तरस आला. तालीम ठरल्याप्रमाणे पार पडली. कुत्रे ताठ उभे राहून भुंकले. तांबडी कुत्री लंगडणे दाबून माळाच्या कडेपर्यंत धावत गेली, तेथल्या सशांना तिने पळवून लावले आणि ती धावतच परतली. हत्तिणीने समाधानाने सोंड हलविली.

"शाबास. म्हातारपणी इतकी तरतरी मी पाहिली नव्हती. मन निवले." मग ती तरसाकडे वळली. "येथे वाट्याची गरज नाही. हे आपली शिकार आपण करू शकतील. पलीकडच्या दरीत घार पंख मोडलेली गिधाडे सांभाळते आहे. वाटा तिला दिला. जा, तसे कळवून ये."

तरस निघून गेला. वानरी त्याला थांबवायला दोन पावले पुढे आली आणि अडखळली. खरे सांगावे, तर ज्यांनी आपल्यासाठी जिवाचे रान केले त्यांच्यादेखत आपण खोटे ठरतो. आणि न सांगावे, तर थंडी समोर उभी. ती अशी घुटमळत असतानाच तांबडी कुत्री जमिनीवर कोसळली आणि कण्हू लागली. ते कण्हणे ऐकून जाळीमागचा आंधळा उठला आणि काट्यांत अंग ओरबाडून घेत, ठेचकाळत तिच्यापाशी आला.

हत्तिणीने सोंडेचे टोक त्याच्या बरगड्यांवरून फिरविले.

"याला का लपविलेस?"

वानरीने मान खाली घातली. "आई, हा कशाच्याच उपयोगाचा नाही. मला वाटले, याला पाहून तुम्ही नाही म्हणाल."

"पिल्लांच्या उड्या आम्ही पाहतो, कारण त्यांचे पुढे व्हायचे असते. यांचे सगळे होऊन गेले आहे. यांची भूक तेवढी पाहायला मी आले होते, आणि तीच तू मला दिसू दिली नाहीस."

"मग आता तरी—"

"शब्द गेला. पंख मोडलेल्यांच्या तोंडचा घास मी काढून घेणार नाही. तूही तसे मागणार नाहीस."

वानरीने तसे मागितले नाही. हत्तिणीने वाळलेल्या फांद्या ओढून आणल्या, वाऱ्याच्या बाजूला उंच आडोसा रचला आणि ती जड पावलांनी निघून गेली.

त्या वर्षी थंडी कडक पडली. कोल्हा मधून मधून आपल्या पिल्लांच्या तोंडचे थोडे मांस आणून आडोशाशी ठेवी आणि परत जाई. तेवढ्यावर तिघे तगले. तांबडी कुत्री त्या धावण्यातून सावरली नाही. पौषात एका सकाळी ती गेली. वानरीने तिच्या अंगावर वडाची पाने लोटली. आंधळा कुत्रा दिवसभर तेथून हलला नाही.

पुढल्या कार्तिकात हत्तीण तरसाला घेऊन पुन्हा आली. या वेळी कोणाला उभे केलेले नव्हते. आंधळा सर्वांच्या पुढे निजला होता, आणि वानरी त्याच्या कानांतले गोचीड वेचीत बसली होती. ती उठली नाही.

"यांची राखण संपली, आई," ती म्हणाली. "दात नाहीत. हा पाहू शकत नाही, ते दोघे चालू शकत नाहीत. यापुढे यांच्याकडून कोणाचे काही काम होणार नाही. यांना भूक मात्र लागते, आणि मला शिकार करता येत नाही."

हत्तीण तरसाला म्हणाली, "आज मऊ मांस वेगळे काढ. आधी येथे आण."

तात्पर्य : दुबळ्यांसाठी मागावयास जावे, तेव्हा त्यांचे दुबळेपण झाकू नये, आणि द्यावयास जावे, तेव्हा उपयोग पाहू नये. जो कामास येतो त्यालाच पोसावयाचे ठरविले, तर वृद्धपणी आपल्यापैकी कोणाच्याही मुखी घास पडणार नाही.