शब्दाचा पक्का दिगू आणि भंगारातली मोटरसायकल

एका गावात एक भोळा दिगंबर होता. आईनं हौसेनं दिगंबर ठेवलं, गावानं त्याचा दिगू केला. माणूस सोन्यासारखा. खोटं बोलायचा नाही, कुणाचं वाईट चिंतायचा नाही, आणि कुणी काही शिकवलं तर जन्मात विसरायचा नाही. म्हणजे पुढची शिकवण येईपर्यंत. त्याच्या डोक्यात एका वेळी एकच शिकवण मावायची. नवी आत आली की जुनी बाहेर.

त्याची बायको शेवंता. ती मात्र बारावी शिकलेली आणि चलाख. तिला अकरा किलोमीटरवरच्या बाजारगावात दूध डेअरीत नोकरी लागली. तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी सकाळी दहाच्या आत हजर व्हायचं. नाही झालं तर यादीतल्या दुसऱ्या बाईला बोलावणार, असं पत्रातच लिहिलेलं. आणि गावातली पहिली एसटी तिथं पोचायची साडेअकराला.

"मी चालत जाईन," शेवंता म्हणाली.

"रोज बावीस किलोमीटर? आणि मी काय मेलोय?" दिगू म्हणाला, आणि घरातली लोखंडी खाट डोक्यावर घेऊन बाहेर पडला.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा खाट नव्हती. तिच्या बदल्यात भंगारवाल्याकडून एक वस्तू ढकलत आणली होती. तिच्या हेडलाइटमध्ये चिमणीचं घरटं होतं. चेनच्या जागी सुतळी होती. चाकं मात्र दोन होती. दिगूनं मोजून आणली होती.

"हे काय हो?"

"मोटरसायकल."

"कोण म्हणतं?"

"भंगारवाला."

शेवंतानं जमिनीवर अंथरूण घातलं. सोमवारला वीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दिगू गाडी खोलायला बसला. बोल्ट गंजलेले. पाना लावला, फिरेना. मग त्यानं घण घेतला. भिंतीवरून शेजारीपाजारी बघत होते. कुणाला काही काम नव्हतं असं नाही, पण असं रोज बघायला मिळत नाही. सहा घावांत तीन बोल्ट तुटले आणि एक उडून शेजारच्या कालवणात पडला.

तुटलेले बोल्ट ओंजळीत घेऊन दिगू गेला यासीनमिस्त्रीकडे. एसटी स्टँडसमोर मिस्त्रीचं गॅरेज. पंचक्रोशीतली गाडी नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. तो चहा पीत होता. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"हाणलंस व्हय रं?"

"हाणलं."

"येड्या, गंजून घट्ट बसलेल्या गोष्टीला हाणायचं नसतं. डिझेलात बुडवायची. रातभर भिजली की सकाळी मऊ येते हाताला."

"बुडवीन, मिस्त्री."

आणि दिगू शब्दाचा पक्का.

बोल्टचं काम मिस्त्रीनंच उरकून दिलं. मग दिगूचं लक्ष सीटकडे गेलं. वर्षानुवर्षं पावसात पडून सीट लाकडासारखी कडक झाली होती. दिगूनं बोटानं दाबून बघितली. घट्ट बसलेली गोष्ट. त्यानं आंघोळीचं घंगाळ घेतलं, त्यात डिझेल ओतलं आणि सीट बुडवून वर दगड ठेवला.

सकाळी सीट खरंच मऊ आली. सगळं डिझेल पिऊन बसली होती. दिगूनं बसून बघितलं. उठला तेव्हा विजारीचा वास ट्रॅक्टरसारखा येत होता. शेवंतानं त्याला दोन दिवस ओट्यावर जेवायला वाढलं आणि आंघोळीला नवीन बादली काढली.

दिगू सीट खांद्यावर घेऊन मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं ग्लास खाली ठेवला.

"सीट कुणी डिझेलात बुडवतं का रं?"

"मग काय करतात तिचं?"

"ऊन दाखवतात ऊन! चांगली कडक उन्हात टाकायची. तासातासाला उलटायची, पालटायची. दोन दिवसांत खडखडीत."

"उलटीन, मिस्त्री. पालटीन."

सीट वाळली. वास राहिला, पण वासाला कोण बघतं. सोमवारला अकरा दिवस होते.

आता दिगूला हौस सुटली. गाडी नुसती चालून भागणार नव्हती, चार माणसांनी वळून बघायला पाहिजे होती. त्यानं हँडल कापून बैलाच्या शिंगांसारखं वर वळवून आणलं. आरशांना गोंडे लावले. मग पेट्रोलची टाकी घासली, पोपटी रंगवली आणि वर लाल अक्षरांत लिहिलं: शेवंता. अक्षर सुंदर. दिगूचं अक्षर शाळेत पहिल्यापासून चांगलं. बाकी काही चांगलं नसायचं म्हणून गुरुजी त्यावरच पास करायचे.

रंग ओला होता. वाळवायचा होता. आणि वाळवायचं कसं हे दिगू नुकतंच शिकला होता.

त्यानं टाकी पत्र्यावर कडक उन्हात टाकली. तासाभरानं उलटली. मग पालटली. संध्याकाळपर्यंत रंगाला फोड आले, पोपटी लालात गेला, लाल पत्र्यावर गेला, आणि शेवंताचा 'शे' पुसून मांजराच्या पाठीला लागला. कारण मांजर मध्ये येऊन बसलं होतं आणि दिगूनं वेळापत्रक मोडलं नाही.

शेवंतानं टाकी बघितली. "ही वंता कोण?" तिनं विचारलं.

दिगू टाकी घेऊन मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं ग्लास खाली ठेवला, मग जरा लांब सरकवला.

"रंग उन्हात वाळवलास?"

"उलटापालटा करून."

"दिगू, नव्या कामाला जपायचं असतं बाबा. सावलीत ठेवायचं. वर पांघरूण घालायचं. धुळीचा कण बसू द्यायचा नाही, वाऱ्याची झुळूक लागू द्यायची नाही."

"पांघरूण घालीन, मिस्त्री."

टाकी पुन्हा रंगली. शेवंता पुन्हा पुरी झाली. तोवर मिस्त्रीनं इंजिन उघडून नवं करून दिलं. पोराची धडपड बघून त्याला कीव आली होती. इंजिन गाडीवर चढलं. सोमवारला सहा दिवस होते.

अंगणात दिगूनं किक मारली. एकदा, दोनदा, सातव्यांदा इंजिन फडफडलं आणि चालू झालं. शेवंता धावत बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मनात डेअरीचं फाटक बघितलं. "जरा वेळ अशीच चालू ठेवा हो," ती म्हणाली आणि चुलीवरची भाकरी उलटायला आत गेली.

दिगू इंजिनाकडे बघत राहिला. नवं काम. उघड्यावर. अंगणात केवढी धूळ.

त्यानं आतून सासूबाईंनी शिवलेली वाकळ आणली आणि इंजिनाला चहूबाजूंनी गुंडाळली. झुळूक लागायला जागा ठेवली नाही.

शेवंताला आधी वाटलं भाकरी करपली. भाकरी चांगली होती. ती बाहेर आली तर गाडी गुरगुरत होती आणि वाकळीतून धूर निघत होता. तिनं पाण्याची कळशी ओतली. इंजिन बंद पडलं. वाकळीला मध्ये परातीएवढं भोक पडलं होतं.

"आईची वाकळ!"

"कण बसला नाही बघ एकसुद्धा," दिगू म्हणाला.

ह्या वेळी मिस्त्रीच घरी आला. चहा त्यानं घेतलाच नाही.

"मिस्त्री, गुंडाळायचं नव्हतं?"

"अरे जीव गुदमरतो त्याचा! मोकळं ठेवायचं. हवा आत आली पाहिजे, बाहेर गेली पाहिजे. कोंडून ठेवलं की बिघडलं, एवढं ध्यानात ठेव."

"कोंडणार नाही, मिस्त्री."

मिस्त्री गेला. दिगू गाडीभोवती एक चक्कर मारून आला. कुठं काही कोंडलंय का बघत होता. आणि त्याला सापडलं. दोन्ही टायर टम्म. बोटानं दाबले तर आतली हवा बिचारी हलेनासुद्धा. कधीपासून आत होती कोण जाणे.

दिगूनं दोन्ही व्हॉल्व्ह काढून विहिरीच्या कडेला ठेवले. तिथून ते विहिरीत गेले.

शनिवारी शेवंता गाडीवर बसून बघायला आली तर गाडी जमिनीवर बसली होती. तिनं नोकरीचं पत्र काढलं, पुन्हा वाचलं, घडी घातली आणि ब्लाउजात ठेवलं. मग स्वतःच मिस्त्रीला बोलावून आणलं.

मिस्त्रीनं नवे व्हॉल्व्ह बसवले, हवा भरली, सुतळी काढून साखळी चढवली, ब्रेक बघितले, दिवा बघितला. दिगूला त्यानं हात मागं बांधून उभं राहायला सांगितलं होतं, आणि दिगू उभा होता.

"आता हिला काही करायचं नाही," मिस्त्री म्हणाला. "काहीच नाही. सोमवारी बसायचं, सावकाश जायचं. फक्त एक. इंजिन नवं आहे. हात लावून बघायचा. चटका बसला की लगेच बंद करायचं आणि गारेगार होईपर्यंत सुरू करायचं नाही. समजलं?"

"समजलं. हात सोडू का?"

सोमवार उजाडला. दिगूनं गाडी पंपावर नेऊन टाकी काठोकाठ भरली. शेवंतानं नवी साडी नेसली आणि सीटवर पोतं टाकून बसली. वाटेत दोनदा थांबून दिगूनं इंजिनाला हात लावला, दोनदा चटका बसला, दोनदा दोघं लिंबाखाली थांबली. तरी पावणेदहाला गाडी डेअरीच्या फाटकात उभी होती. शेवंतानं हजेरीबुकात सही केली. मॅनेजर खोतसाहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "वेळेच्या आधी! शाब्बास. आत जाऊन सगळं शिकून घ्या, संध्याकाळी टँकर येईल."

शेवंता आत गेली. एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट सांगायचं कारण नव्हतं.

दिगूला संध्याकाळपर्यंत काम नव्हतं. तो डेअरीच्या मागच्या बाजूला सावली शोधत गेला. तिथं दूध गार करायचं मशीन होतं. नवंकोरं, वर अजून पूजेचा हार. आतल्या टाकीत सकाळचं चारशे लिटर दूध, आणि बाहेर मशीनची मोटर घरघरत होती.

नवं इंजिन. दिगूनं हात लावून बघितला.

चटका बसला.

दिगूनं इकडंतिकडं बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. एवढं महागाचं इंजिन आणि कुणाला काळजी नाही. भिंतीवर लाल खटका होता. दिगूनं तो खाली ओढला. घरघर थांबली. मग तो तिथंच राखण करत बसला. दोन वेळा कामगार येऊन "बंद का?" म्हणाला, दोन्ही वेळा दिगूनं सांगितलं, "मिस्त्रीनं सांगितलंय." मिस्त्रीनं सांगितल्यावर कोण काय बोलणार. चैत्राचं ऊन होतं. मोटर हळूहळू गार झाली. दूध हळूहळू गरम झालं.

चार वाजता टँकर आला. ड्रायव्हरनं टाकीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. आत दही नव्हतं, दूधही नव्हतं.

खोतसाहेब धावत आले. "कुणी बंद केलं हे?"

"मी," दिगू उठून उभा राहिला. "आता हात लावून बघा साहेब. गारेगार."

"हा कोण?"

शेवंता दारात उभी होती. तिनं डोळे मिटले. "आमचे हे," ती म्हणाली.

खोतसाहेबांनी यादी काढली आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. शेवंताचं तोंड मात्र शाबूत होतं. "साहेब, मशीनला मी हात लावला नाही. मी दिवसभर तुमच्यासमोर होते. परका माणूस सहा तास मशीनपाशी बसला, तो तुमच्या कुणालाच कसा दिसला नाही?"

कामगार आभाळाकडे बघायला लागला. खोतसाहेबांनी यादीची घडी घातली.

"एक संधी देतो. उद्या दहाच्या ठोक्याला खुर्चीत पाहिजे. एक मिनिट उशीर झाला तर दुसरी बाई. आणि तुम्ही!" ते दिगूकडे वळले. "जन्मभर ध्यानात ठेवा. चालू मशीनला हात लावायचा नाही! ते आपोआप थांबतं. थांबेपर्यंत चालू द्यायचं!"

"चालू देईन, साहेब," दिगू म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं होतं. ह्या वेळी तो चुकणार नव्हता.

दोघं गाडीवर बसून निघाली. गाडी झकास पळत होती. गाव आलं. पारावरच्या माणसांनी हात केला. दिगूनंही मान हलवली. मग घर आलं. मग घर मागं गेलं.

"अहो! घर गेलं!"

"दिसलं की मला."

"मग थांबवा!"

"चालू मशीनला हात लावायचा नाही."

"हँडलला लावलाय तो कुणाचा आहे?"

"तो मशीन चालू व्हायच्या आधीच लावला होता."

"अहो, पायानं ब्रेक दाबा!"

"साहेबांना विचारलं पाहिजे. पायाचं काही बोलले नाहीत."

शेवंतानं त्याचा सदरा ओढला, तो फाटला. तिनं देवाचा धावा केला, मग आईचा, मग मिस्त्रीचा. तालुका गेला. जिल्हा गेला. घाट आला, गाडी नागमोडी उतरली. आणि दिगूनं खोतसाहेबांना दिलेला शब्द पाळला. टाकी तर काठोकाठ भरलेली.

उजाडलं तेव्हा इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं. गाडी वाळूत रुतली. समोर समुद्र होता.

शेवंता सावकाश उतरली. तिनं समुद्राकडे बघितलं. मग एका कोळणीला वेळ विचारली. सहा वाजले होते. दहाला अजून चार तास होते आणि डेअरी चारशे किलोमीटरवर होती.

दिगूनं हँडलवरचे हात सोडले, बोटं मोडली आणि समाधानानं बायकोकडे बघितलं.

"साहेब शिकलेला माणूस," तो म्हणाला. "बघितलंस? थांबली की नाही आपोआप!"