मूठभर कणीक

"मग तिच्या भाकरीत असं काय आहे, अप्पा, जे माझ्या भाकरीत नाही?"

अप्पा जेवत होते. त्यांनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला, सावकाश चावला.

"सांगा ना."

"जेवू दे," अप्पा म्हणाले.

महानंदा चौकटीला टेकून तशीच उभी राहिली.

सीना नदीच्या काठी हा मठ. रोज दुपारी इथं दासोह, म्हणजे दारात येईल त्याला पोटभर जेवण. मठाची चूल महानंदाकडे होती. नवरा गेला तेव्हा ती ऐन तरुण होती. मठात आली, पोळपाटापुढं बसली, ती बसलीच. पोळी तिनं लाटावी. पदर सुटलेली, संध्याकाळपर्यंत मऊ. "दर्शन निमित्ताला, अक्का, आम्ही येतो तुमच्या पोळीला," असं लोक तोंडावर म्हणायचे. ती "चला, काहीतरीच" म्हणायची आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायची.

मठपती मुरगेंद्र अप्पा तिचे गुरू. तव्यावरची पहिली पोळी त्यांच्या ताटात जायची. त्या एका पोळीवर तिचा दिवस उभा असायचा.

मग अप्पांचं अंग वाळत चाललं. खाल्लेलं ठरेना. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, यांना गहू सोसत नाही. कणभरसुद्धा नको. त्यात साखरेचा आजार, म्हणून ज्वारी आणि भातही नावापुरताच.

"मग खायचं काय त्यांनी?" महानंदानं भांडायला उठल्यासारखं विचारलं.

"जवस, तीळ, शेंगदाणे, इसबगोल. याची भाकरी घरी होते, बाई. जरा शिकावं लागेल."

शिकावं लागेल...

तेवढाच शब्द ती घेऊन आली.

पहिल्या दिवशी तव्यावर भुगा झाला. दुसऱ्यांदा केलं ते बाहेरून करपलं, आतून डिंकासारखं चिकट राहिलं. अप्पांनी भुगा चमच्यानं खाल्ला. काही बोलले नाहीत. ते न बोलणं तिला बोलण्याहून जास्त लागलं.

त्याच सुमारास बार्शीकडची कस्तुरा मठात सेवेला आली. चाळिशीची, हसरी, कमी बोलणारी. चुलीशी काय चाललंय ते तिनं पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या लेकीला गहू सोसत नाही. लहानपणापासून मीच करून घालत होते. करू का मी?"

अप्पा म्हणाले, "कर."

कस्तुरानं जवस मंद भाजले, दळले, चाळले. शेंगदाण्याचं कूट फडक्यात दाबून तेल काढलं. थोडे तीळ, मीठ, ओवा. इसबगोल मापून घातलं. आंबट ताकात चिमूटभर सोडा फेसाळला, तो ओतला. मळलं आणि झाकून ठेवून दिलं.

"आता?" महानंदानं विचारलं.

"आता काही नाही. पीठ पाणी पितंय. पिऊ द्यायचं."

मग लोखंडी कढईत मिठाचा थर, त्यावर ताटली, ताटलीत जाडसर गोळा, वर झाकण, खाली मंद जाळ. वास सुटला तरी तिनं झाकण काढलं नाही. भाकरी बाहेर आली तरी मोडली नाही. फडक्यावर पूर्ण गार होऊ दिली.

अप्पांनी तिचे दोन तुकडे केले. भुगा पडला नाही. आत पावासारखी बारीक जाळी होती.

"आज बऱ्याच दिवसांनी जेवल्यासारखं वाटलं," अप्पा म्हणाले.

महानंदानं ते ऐकलं. तिची तव्यावरची पोळी करपली.

त्या दिवसापासून तिला कस्तुराचं सगळं दिसायला लागलं. तिच्या बांगड्यांचा आवाज. तिचं गुणगुणणं. लेकीचा फोन आला की अंगणात जाऊन "जेवलीस का? फुगली का नीट?" असं विचारणं. लेक लातूरला दिल्या घरी सुखी होती आणि आता तिची ती भाकरी करत होती.

महानंदाला मूलबाळ नव्हतं. तिला फोन कोणाचा येणार?

तिनं चोरून सगळं पाहून घेतलं. माप पाहिलं, जाळ पाहिला. करायला बसली की मात्र हात घाई करायचा. पीठ पाणी पिईपर्यंत तिला दम नव्हता. भाकरी गरम असतानाच ती मोडून बघायची, आत चिकट निघायची.

"अक्का, थोडं थांबायला लागतं," कस्तुरा एकदा म्हणाली.

"तू मला चूल शिकवणार?"

"तसं नाही..."

"मग गप बस."

कस्तुरा गप बसली. त्याचाही महानंदाला राग आला.

आणि मग तिनं अप्पांना तो प्रश्न विचारला. अप्पांनी जेवण संपवलं, हात धुतला, फडक्याला पुसला.

"काय आहे तिच्या भाकरीत?" तिनं पुन्हा विचारलं.

"जवस," अप्पा म्हणाले आणि उठून गेले.

पुढच्या बाजारच्या दिवशी कस्तुरा सकाळीच तालुक्याला गेली, जवस आणायला. जाताना म्हणाली, "अक्का, आजची अप्पांची भाकरी तुम्ही कराल ना?"

महानंदानं मळलं. गोळ्याला चिरा पडल्या. पाणी लावलं, चिकट झालं. कूट घातलं, पुन्हा फुटलं. बाहेर पानं मांडल्याचा आवाज आला.

शेजारीच कणकेचा डबा उघडा होता.

तिनं डब्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

मूठभर.

मूठभरानं काय होतंय?

गोळा लगेच ऐकायला लागला. हाताला ओळखीचा वाटला. भाकरी फुगली, मऊ झाली. तिनं ती अप्पांपुढं ठेवली आणि या वेळी चौकटीला न टेकता समोरच बसली.

अप्पांनी पहिला घास घेतला.

घास तोंडात थांबला.

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"कोणी केली?"

"मी."

अप्पांनी सगळी भाकरी खाल्ली. ताटात पडलेला चुरासुद्धा बोटानं टिपून खाल्ला.

"चांगली झाली," ते म्हणाले.

महानंदाला वाटलं, आपण जिंकलो. कस्तुरा बाजारातून आली तेव्हा तिनं मुद्दाम रिकामं ताट तिच्यासमोर घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा उठले नाहीत. पोटात कळा, तोंडाला कोरड, पोटात पाणी ठरत नव्हतं. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सुई लावली, सलाईन लावलं आणि बाहेर येऊन विचारलं, "यांच्या पोटात गहू गेला कसा?"

अंगणात सगळे जमले होते. एकेक मान कस्तुराकडे वळली. अप्पांची भाकरी म्हणजे कस्तुरा, असंच झालं होतं आता.

मठाचे कारभारी चनबसप्पा म्हणाले, "बाई, तुमच्यावर विश्वास टाकला होता."

कस्तुराचा चेहरा उतरला. "जवस मी गिरणीत दळून आणते. गिरणीच्या दगडात गव्हाचं पीठ राहिलं असेल... आधी साफ करून घ्या म्हणाले होते मी गिरणीवाल्याला. उभं राहून बघायला पाहिजे होतं. माझीच चूक."

महानंदा खांबाआड उभी होती. तिला हवं होतं ते सगळं झालं होतं. चूल तिची झाली होती. फक्त गप्प राहायचं होतं.

कस्तुरानं गाठोडं बांधलं. अप्पांच्या खोलीच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि कोणाला दोष न देता फाटकातून बाहेर पडली.

किती सहज गेली ही, महानंदाच्या मनात आलं. न केलेली चूक अंगावर घेऊन... आणि तेव्हासुद्धा तिला कस्तुराचा हेवाच वाटला.

त्याचीच तिला भीती वाटली. ती अप्पांच्या खोलीत गेली.

अप्पा जागे होते. हाताला सुई, ओठ पांढरे.

"अप्पा, मी मूठभर कणीक घातली होती."

"माहीत आहे."

"... कधी कळलं?"

"पहिल्या घासाला. जन्मभर खाल्लाय गहू."

महानंदा खाली बसली. "मग थुंकून का नाही टाकला? माझ्या तोंडावर का नाही फेकला?"

अप्पांनी डोळे मिटले. ते झोपले असं तिला वाटलं.

"गोड लागला," ते म्हणाले.

ती जवळ सरकली.

"रोज सकाळी तुझ्या पोळीचा वास या खोलीत येतो. पंगतीत ज्याच्या त्याच्या ताटात पोळी. रस्त्यानं जाणारा येतो, त्याच्या ताटात पोळी. माझ्यापुढं जवस. कस्तुरा जीव ओतून करते, पण पोळी ती पोळी."

"म्हणजे तुम्हाला... तुम्हालासुद्धा?"

"हेवा वाटतो. सगळ्या पंगतीचा वाटतो."

एवढी वर्षं ती या माणसाच्या पाया पडत होती. आज पहिल्यांदा तिला ते तिच्याएवढे दिसले.

"मला शिक्षा द्या, अप्पा."

"कस्तुरा कुठाय?"

"फाट्यावर. एसटीची वाट बघत असेल."

"मग तू इथं काय करतेस?"

महानंदा अनवाणी धावली. फाट्यावर लिंबाखाली कस्तुरा गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. चनबसप्पा तिला गाडीत बसवून द्यायला आले होते.

"गहू मी घातला," महानंदा धापा टाकत म्हणाली. "गिरणीत काही नव्हतं. भाकरी माझी होती. मी मुद्दाम घातला."

चनबसप्पांनी तोंडातली सुपारी थुंकली. "अक्का, काय बोलताय तुम्ही?"

"खरं बोलतेय."

कस्तुरा उठली नाही. ओरडली नाही. गाठोड्याची गाठ बोटांनी घट्ट करत राहिली.

"माझी लेक लहान असताना," ती म्हणाली, "एका लग्नात तिला कोणीतरी पुरी भरवली. एका पुरीनं काय होतंय, म्हणून. पोर अंथरुणातून उठेना. पाणी पाजताना मी तिची मान धरायची..." ती थांबली. "त्या बाईला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, अक्का."

"हो. माहीत होतं."

"का केलंत?"

"तू आल्यापासून अप्पा तुझं खात होते."

एसटी आली. दार उघडलं. कंडक्टरनं विचारलं, "चढताय का?"

कोणीच चढलं नाही. एसटी गेली.

कस्तुरानं गाठोडं उचललं आणि मठाच्या वाटेला लागली. मागून येणाऱ्या महानंदाकडे न बघता म्हणाली, "मी अप्पांसाठी येतेय."

अप्पा हळूहळू सावरले. महानंदानं पोळपाट सोडला. अंगण झाडायची, भांडी घासायची. पोळ्या दुसऱ्या बायका करू लागल्या, त्या कडक व्हायच्या, लोक मुकाट्यानं चावायचे. एक दिवस अप्पांनीच निरोप पाठवला, "पंगतीनं काय गुन्हा केलाय?"

ती पुन्हा पोळपाटापुढं बसली. शेजारच्या चुलीवर कस्तुराची कढई. दोघींत कामापुरतं बोलणं व्हायचं. महानंदा आता दळलेल्या जवसाच्या आसपास कणकेचा हात जाऊ देत नसे. एकदा कस्तुरानं न विचारता तिच्यासमोर परात सरकवली. महानंदानं मळलं, झाकलं आणि बसून राहिली. पीठ पाणी प्यायलं. गोळा फुटला नाही. भाकरी झाली, फार चांगली नाही, पण झाली.

"पुढच्या वेळी ताक कमी घाला," कस्तुरा म्हणाली. एवढंच.

तरीही...

त्या दुपारी पंगत बसली होती. महानंदा पोळ्यांची टोपली घेऊन निघाली, तोच अप्पा भिंतीला धरत बाहेर आले. आजारानंतर पहिल्यांदाच. त्यांनी टोपलीला हात घातला.

"अप्पा, नको," कस्तुरा चुलीपासून म्हणाली. "हाताला गहू लागेल."

"हात धुता येतात," अप्पा म्हणाले.

महानंदानं टोपली सोडली नाही. तिला आत्ताच विचारायचं होतं. आवाज खाली आणून ती म्हणाली, "अप्पा, सगळं कबूल केलं. माफी मागितली. तिच्याकडून शिकले. पण तुम्ही तिच्या भाकरीला हात घातला की अजून मला तिचा हेवा वाटतो. अजून तसंच. हे जाणार कधी?"

"माझं कुठं गेलंय?"

पोळ्यांची वाफ दोघांच्या मधून वर येत होती. अप्पांनी तो वास आत घेतला. डोळे मिटले.

"मग तुम्ही काय करता, अप्पा?"

अप्पांनी टोपली तिच्या हातातून काढून घेतली. पंगतीतल्या पहिल्या पानापाशी वाकले. सगळ्यात वरची, गरम पोळी उचलून पानावर ठेवली...

"वाढतो," ते म्हणाले.