चार वाजताची ओळ

एका घरात लिनक्सवर चालणारे तीन संगणक गुण्यागोविंदाने नांदत होते. एका मंगळवारी धूळ पुसता पुसता इंदुताई थोरल्या डेस्कटॉपला म्हणाल्या, "उद्या तुला कोरा करून शाळेला द्यायचंय हं."

थोरला घाबरला. ताईंनी वर्षानुवर्षं लावलेली घडी, म्हणजे अक्षर केवढं, रंग कोणता, कोणत्या बटणाने काय उघडायचं, त्याच्याच फायलींत होती. त्याने घाईघाईने सगळ्या फायली मधली आणि धाकटा या दोन्ही लॅपटॉपना देऊन टाकल्या.

"दादा, हे अक्षर आहे की दुकानाची पाटी?" धाकटा ओरडला. "माझ्या पडद्यावर एकच शब्द मावतोय!"

"आणि माझे रंग कुठे गेले?" मधली फणकारली.

"चुकलंच माझं," थोरला हसला. "जे सगळ्यांचं, ते तुम्हा दोघांच्या एका सामाईक फोल्डरात ठेवू, तिथूनच वाचायचं. ज्याचं त्याचं माप मात्र ज्याच्या त्याच्या खणात."

हसत-भांडत तिघांनी फायली लावल्या, निकामी ओळी खोडल्या. शेवटी एक उरली. रोज चारला पडद्यावर यायची: 'श्रीपाद, चहा तू टाकायचायस!' ताईंनीच ती लिहिली होती. त्यांचे यजमान श्रीपादराव जाऊन आठ महिने झाले होते.

"ही कुणाच्या खणात?" मधलीने हळूच विचारलं.

"सामाईक," थोरला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी थोरला शाळेत गेला. चारला दोन्ही लॅपटॉप एकदम उजळले. ताई दचकल्या, मग खळखळून हसल्या. "बरं बाबा, आज मी टाकते," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या.

ती ओळ अजून कुणी खोडलेली नाही.