शेवटपर्यंत बसून ऐकले

बाजाराच्या एका गावात नारायण लोहोकरे नावाचा एक पेटी दुरुस्त करणारा राहत असे. भजनी मंडळांच्या फाटक्या भात्यांना ठिगळे लावत तो गावोगाव हिंडे. हिंडता हिंडता त्याने संबळ, सनई, ढोलकी पोटभर ऐकली. शहरातल्या वर्तमानपत्रांत मात्र या वाजवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव येत नसे. याचा त्याला फार राग येई. नुसते रागावून काय होणार, म्हणून त्याने स्वतःच चार पानांचे मासिक काढले. नाव ठेवले 'आसपासचे सूर'.

मासिकाचा नियम एकच. स्वतः ऐकले नाही ते लिहायचे नाही, आणि ऐकायला बसले की मध्येच उठायचे नाही. प्रत्येक लेखाखाली छापलेले असे: 'शेवटपर्यंत बसून ऐकले. – ना. लोहोकरे'. छापखान्याच्या मालकीण सुलोचनाबाई या ओळीचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, कधी सुटी करतच नसत. ओळ जुळवलेली तयार असे. लेख आला की त्याखाली बसवायची.

मासिक वाढले. पहिल्या अंकाच्या साठ प्रती निघाल्या होत्या, सातव्या वर्षी हजार निघू लागल्या. एका पुढाऱ्याने भाच्याची गाणी छापा म्हणून फुकट कागद देऊ केला, तोही नारायणने घेतला नाही. लोकांचा असा विश्वास बसला की लग्नाला वाजंत्री ठरवायची तरी आधी मासिक बघत. नारायणचे आता नाना झाले. नानांना हार आणि पुढची खुर्ची मिळू लागली, आणि खरे सांगायचे तर ती त्यांना आवडूही लागली.

एका चैत्रात डोंगरावरच्या जत्रेच्या दिवशीच तालुक्याला नानांचा सत्कार ठरला. नाना सत्काराला गेले. जत्रेत पालखीपुढे दरवर्षी रामजी गुरव सनई वाजवत. "रामजींची सनई मला पाठ आहे," असे म्हणून नानांनी यंदाही तेच वाजवणार असे धरून घरी बसूनच जत्रेचा लेख लिहिला. चांगला लिहिला. सुलोचनाबाईंनी नेहमीप्रमाणे त्याखाली ती ओळ बसवली.

अंक निघाल्यावर आठ दिवसांनी रामजी छापखान्यात आले. उजवा हात गळ्यात बांधलेला. सोबत त्यांची लेक चंद्रभागा.

"नाना, लिवलंय झ्याक," रामजी म्हणाले. "पर माझा हात मोडून दोन म्हैनं झालं. औंदा पालखीम्होरं हिनं वाजवली. मी डाव्या हातानं नुसता सूर धरून हुतो."

मग चंद्रभागा बोलली.

"आमच्या गावाला ठावं हाय. बाकीच्या गावांनी मासिक वाचलंय. मी वाजवायची सुपारी घ्यायला गेले की म्हणत्यात, पोरी, खोटं बोलतीस. नानांनी शेवटपर्यंत बसून ऐकलंय."

नानांची मान खाली गेली. खोटे त्यांनी लिहिले होते आणि खोटी ती पोर ठरली होती.

दोघे गेल्यावर सुलोचनाबाई म्हणाल्या, "आतल्या पानावर एक बारीक दुरुस्ती टाकू. सगळं छापलंत तर सात वर्षांचं नाव जाईल."

"माझं नाव मी घालवलंय, बाई," नाना म्हणाले. "तिचं का घालवू?"

दुसऱ्या दिवशी ते डोंगर चढून गेले. रामजींच्या अंगणात खाली बसले आणि चंद्रभागेला म्हणाले, "वाजव." चंद्रभागा दुपार कलेपर्यंत वाजवत होती. नाना हलले नाहीत. ती वडिलांसारखी वाजवत नव्हती. तिचे तिचेच काही होते, आणि ते घरी बसून कुणाला पाठ झाले नसते.

पुढच्या अंकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आले: 'जत्रेचा लेख मी जत्रेला न जाता लिहिला. पालखीपुढे चंद्रभागा गुरव यांनी सनई वाजवली. ती मी परवा त्यांच्या अंगणात ऐकली.' खाली ती कशी वाजवते ते लिहिले होते.

दोनशे लोकांनी मासिक घेणे बंद केले. काहींनी नानांची टर उडवली. नानांनी सुलोचनाबाईंना त्या तयार ओळीचे खिळे सोडायला लावले. तेव्हापासून ऐकून आले की ते स्वतः छापखान्यात जात आणि ती ओळ एकेक अक्षर लावून जुळवत. गेलेले वाचक हळूहळू परतले, सगळे नाही. चंद्रभागेला मात्र त्याच हंगामात पाच गावांच्या सुपाऱ्या आल्या.

पुढच्या जत्रेत पंचांनी नानांसाठी खुर्ची मांडली. नाना तिच्यावर बसले नाहीत. पालखीबरोबर उन्हातून चालत राहिले. पालखी देवळात गेली, चंद्रभागेने सनई खाली ठेवली आणि वळून पाहिले. नाना घामाघूम होऊन मागेच उभे होते.

"झालं, नाना," ती म्हणाली. "आता लिवा."

तात्पर्य: लोक आपल्या शब्दावर विसंबू लागले की तो शब्द दर वेळी नव्याने कमवावा लागतो, आणि तो खोटा ठरलाच, तर आपले नाव सांभाळण्याआधी ज्याचे नुकसान झाले त्याचे नाव उजळ करावे.