वारुळाच्या तोंडावरचा नैवेद्य

मुंग्यांचे निरोप तोंडोतोंडी जायचे, तेव्हाची गोष्ट. वारुळाला दार एकच, राखणीला म्हातारा मुंगळा. निरोप अडकले की म्हणायचा, "देव कोपलाय, दारात साखर ठेवा." साखर वाढे, निरोप आणखी अडकत. डोकं चालवतंय कोण!

एकदा ओढ्याचं पाणी चढलं. ठमी मुंगीची अंडी तळाशी, आणि "अंडी वर आणा" हा निरोप दारातच तुंबला. ठमीनं साखरेचा एक दाणा उचलला. निरोप्या मुंग्या दोघी-दोघी एकदम आत शिरल्या. परत ठेवला, एका वेळी एकच शिरली.

"ठमे, पाप लागेल!"

"लागू दे, आजोबा. तुम्हीच उचलून बघा की."

म्हाताऱ्यानं दाणा उचलला. दोघी शिरल्या. मग त्यानं सगळीच साखर बाजूला लोटली.

अंडी वाचली. मुंगळा अजून हात जोडतो, पण नैवेद्य दार सोडून ठेवतो.