काकांच्या मिशीला चिकटली काच

चूक काकांची होती. दुसऱ्या कुणाचीच नाही.

एक होती पिसू. एवढीश्शी. ती राहायची प्लास्टिकच्या हेलिकॉप्टरमध्ये. हेलिकॉप्टर दोऱ्याला टांगलेलं. पंखा लावला की फिरायचं गरगर गरगर. पिसू आत बसून ओरडायची, "उडाले रे उडाले!" पुढे होती पारदर्शक काच. म्हणून वाऱ्याने पिसू पडायची नाही.

एकदा काच निखळली.

काका म्हणाले, "आणा इकडे. मला सगळं येतं."

काहीच येत नव्हतं. काकांनी घेतला झटपट डिंक. थापला भसाभसा. काच झाली पांढरी धुरकट. काका वाकले. आणखी वाकले. पच्च! काच मिशीलाच चिकटली.

पिसू निघाली. टुणुक टुणुक.

"काका, काका, काच द्या. मी उडू कशी?"

"मिशी सोडत नाही. चूक डिंकाची आहे! कात्री आली तर देतो."

टुणुक टुणुक. पिसू फटीतून खणात.

"कात्री, कात्री, निघ ना. मिशी सुटेना, काच मिळेना, मी उडू कशी?"

"खण उघडला तर निघते."

"खणा, खणा, उघड ना. कात्री निघेना, मिशी सुटेना, काच मिळेना, मी उडू कशी?"

"आत्याने ओढलं तर उघडतो."

टुणुक टुणुक. आत्या फोनवर. कुणाच्या तरी लग्नातल्या मठ्ठ्याला नावं ठेवत होती.

"आत्या, आत्या, ऊठ ना. खण उघडेना, कात्री निघेना, मिशी सुटेना, काच मिळेना, मी उडू कशी?"

"थांब गं! बोका ओरडला तर उठते. त्याचा खाऊ खणात आहे."

टुणुक टुणुक. बोका सोफ्यावर पसरलेला.

"बोक्या, बोक्या, ओरड ना. आत्या उठेना, खण उघडेना, कात्री निघेना, मिशी सुटेना, काच मिळेना, मी उडू कशी?"

"झोपलोय. कुणी चावलं तर ओरडतो."

"चावलं तर?"

"हो."

"नक्की?"

"हो गं बाई!"

"मग आधी सांगायचंस की!"

पिसू चावली. चट्ट!
बोका ओरडला. म्याँऽऽव!
आत्या उठली. तणतण तणतण.
खण उघडला. खर्रर्र!
कात्री निघाली. कचकच कचकच.

"दादा, हलू नकोस," आत्या म्हणाली.

"अगं, जपून! माझी मिशी..."

"गप."

कच्च! मिशी सुटली, काच मिळाली.

आत्याने काकांच्या हातात टूथपेस्ट दिली. "घास."

काकांनी काच घासली. घास घास घास. धुरकटपणा गेला, केसही गेले. मग पांढरा डिंक. काडीने. थेंब थेंब.

"लांबून!" आत्या ओरडली.

काका लांबून. काच बसली. टक्क! डिंक वाळला. पंखा लागला.

गरगर गरगर. "उडाले रे उडाले!"

काका सॉरी म्हणाले नाहीत. मोठ्यांना ते येत नाही.

काकांची अर्धी मिशी गेली.